पडद्याआडचे जेवण

क्योतोच्या वास्तव्यातली गोष्ट. मुक्कामाजवळच्या गल्लीत एक लहानशी खाणावळ होती. दाराशी ‘नोरेन’चा कापडी पडदा, आत जेमतेम आठ खुर्च्या. मी शाकाहारी असल्याचे मोडक्या जपानीत सांगितले. वृद्ध मालकांनी मिसो सूप पुढे ठेवले आणि लगेच वाडगा मागे घेतला. सूपच्या मुळाशी असलेल्या ‘दाशी’त सुकवलेल्या मासळीचा अर्क होता. वीसेक मिनिटांनी ‘कोंबू’ या समुद्रशैवालाच्या दाशीतले तोफू आले.

शेजारच्या गृहस्थांनी हात जोडून ‘इतादाकिमासु’ म्हटले. ‘नम्रपणे स्वीकारतो’ हा त्याचा अर्थ मी वाचला होता. पण नम्रता नेमकी कशापुढे, हे उमगले नव्हते. माझ्या नकारासाठी एक अनोळखी माणूस पुन्हा चुलीपाशी उभा राहिला होता. मीही हात जोडले.