पाठीवरचें बिऱ्हाड

उमरखेडास आमचा वाडा आणि आमच्या मित्राचा वाडा ह्यांमध्यें एकच भिंत आहे. भिंत मातीची, दीड हात रुंद. आणि स्वयंपाकघराच्या बाजूस तींत एक हातभर खिडकी. त्या खिडकींतून तीन पिढ्यांचें विरजण, मेतकूट, वर्तमानपत्रें आणि प्रसंगीं भांडणेंहि इकडून तिकडे गेलेलीं आहेत. आम्हांस लिहावयाचें आहे तें ऑस्ट्रेलियांतील वाळवंटाविषयीं. परंतु ह्या खिडकीवांचून तें पुरतें कळावयाचें नाहीं, म्हणून तिची ओळख आधीं करून दिली.

मित्राचा मुलगा ॲडलेड शहरीं नोकरीस आहे. सन २०२३ च्या जुलैंत आम्ही दोघें व ते दोघें अशीं चौघें त्याच्याकडे गेलों. तिकडे तो हिंवाळ्याचा महिना, आणि आंतल्या मुलखांत फिरावयाचें तर हेच दिवस. उन्हाळ्यांत तेथील ऊन आमच्या वैशाखासहि लाजवील असें म्हणतात. मुलानें एक मोटरहोम भाड्यानें आणली. सात मीटर लांबीचें तें घर. चालकाच्या डोक्यावर माळा, त्यावर दोघांची निजावयाची सोय. मागें बांक, तोच रात्रीं पलंग. ग्यासची शेगडी, छोटा फ्रिज, छपरावर उन्हापासून वीज करणाऱ्या पाट्या. खालीं स्वच्छ पाण्याची एक टाकी, सांडपाण्याची दुसरी आणि, वाचकांची क्षमा मागून सांगतों, मैल्याची तिसरी. आमच्या कुटुंबानें सर्व घर फिरून पाहिलें, फिरून म्हणजे जागच्या जागीं वळून, आणि 'ह्यांत सोवळें कोठें वाळत घालावयाचें?' असा पहिला प्रश्न केला.

वस्तुतः ही रीत आम्हांस नवी नव्हती. आम्ही दोघे मित्र दहा-अकरा वर्षांचे असतांना दोन्ही घरचीं माणसें दत्तजयंतीस दमणींतून माहूरगडास जात. वर तट्ट्याचें छप्पर, आंत कडबा व त्यावर घोंगडी, खालीं लोंबता कंदील. सांज झाली कीं पाणी पाहून बैल सोडावयाचे, तीन दगडांची चूल मांडावयाची. गोवऱ्यांच्या आरांत भाजलेल्या रोडग्यांची आणि वांग्याच्या भाजीची ती चव पुढें कोणत्याहि पंगतींत आम्हांस मिळाली नाहीं. पैनगंगा ही एके काळीं वऱ्हाड व निजामाचें राज्य ह्यांमधील सीमा होती. नदी ओलांडली कीं आमचे आजोबा 'मोगलाईंत आलों बरें' असें म्हणत, आणि निजाम जाऊन इतकीं वर्षें झालीं तरी त्यांनीं तें म्हणणें सोडलें नाहीं. त्या मुक्कामांचें भाडें कोणीं कधीं मागितलें नाहीं.

तिकडे ह्याच गोष्टीस 'फ्री कॅम्पिंग' असें नांव आहे. पैसे न देतां, वीज-नळाची जोडणी न घेतां, रस्त्याकांठच्या मोकळ्या जागीं रात्र काढावयाची. वाटेल तेथें गाडी उभी करावी असें मात्र नाहीं. जागा नेमलेल्या असतात, पुष्कळ ठिकाणीं चोवीस तासांहून अधिक राहूं देत नाहींत, मैल्याची टाकी ठराविक स्थळींच रिकामी करावयाची, आणि आपला केर आपल्याबरोबर न्यावयाचा. सरपण गोळा करण्यासहि जागोजाग मनाई असते. त्यामुळें रोडग्यांचा बेत मनांतच राहिला. पेन्शन घेतल्यावर घराला कुलूप घालून, कोणी तर घर विकूनच, महिनेच्या महिने असे हिंडणारे वृद्ध तिकडे इतके आहेत कीं त्यांस 'ग्रे नोमॅड', म्हणजे पिकल्या केंसांचे भटके, असें नांवच पडलें आहे. मित्र त्यांच्याकडे फार लक्ष देऊन पाही. त्याचें कारण तेव्हां आम्हांस उमगलें नाहीं.

ॲडलेडहून सुमारें तीनशें किलोमीटरवर पोर्ट ऑगस्टा लागतें, आणि तेथून स्टुअर्ट महामार्ग उत्तरेस डार्विनकडे निघतो. १८६२ सालीं जॉन मॅक्डुअल स्टुअर्ट ह्यानें हा खंड दक्षिणोत्तर पार केला, त्याचें हें नांव. तांबडी माती, खुरटीं झुडपें आणि सरळ रस्ता. मधूनच त्रेपन्न मीटर लांबीची मालमोटार, तिकडील 'रोड ट्रेन', समोरून आली कीं आमचें घर पानासारखें थरथरे. दिवस मावळला कीं गाडी चालवावयाची नाहीं, कारण कांगारू त्याच वेळीं रस्त्यावर येतात. ह्या मुलखांत उंटांचे मोकाट कळप आहेत हें ऐकून नवल वाटलें; पण त्याहून नवल हें कीं ते उंट मूळ आपल्याकडचे. १८६० सालीं एका मोठ्या शोधमोहिमेसाठीं कराचीहून उंट व त्यांचे हांकणारे जहाजानें मेलबर्नला नेले, आणि पुढें आणखी गेले. कराची त्या काळीं मुंबई इलाख्यांत होती, तेव्हां त्यांस आमचे इलाखेबंधु म्हणण्यास हरकत नसावी. (वऱ्हाड त्या इलाख्यांत नव्हतें, हें मित्रानें येथें तत्परतेनें दाखवून दिलें.) पुढें आगगाडी व मोटारी आल्या, उंटांचें काम संपलें आणि लोकांनीं ते मोकळे सोडले.

दुसरा मुक्काम लेक हार्ट ह्या खाऱ्या सरोवराच्या कांठीं होता. पाणी नाहींच, क्षितिजापर्यंत पांढरें मीठ, आणि त्याच्या अलीकडून आगगाडीचा रूळ. रात्रीं थंडी अशी कीं दोन घोंगड्यांस दाद देईना. तरी आम्ही दोघे बाहेर खुर्च्या टाकून बसलों. उमरखेडास दक्षिणेकडे कलतां दिसणारा वृश्चिक तेथें थेट डोक्यावर आला होता. आणि वैशाखांत आमच्या गच्चीवरून जेमतेम क्षितिजाशीं दिसतो तो त्रिशंकु चांगला वर चढलेला. तोच दाखवीत मित्र म्हणाला, "वाडा विकतों आहे रे. इसार घेतला आहे."

त्यानें सर्व सांगितलें. आईबापांस कायमचें राहण्याचा परवाना तिकडे दोन तऱ्हांनीं मिळतो. एका तऱ्हेंत रांग इतकी लांब कीं माणूस आधीं जावयाचा. दुसऱ्या तऱ्हेंत दर माणशीं ४३,००० डॉलरांहून अधिक भरावे लागतात, आणि तेथेंहि वर्षानुवर्षें थांबणें चुकत नाहीं. ती रक्कम वाड्यावांचून उभी राहावयाची नाहीं. आम्हीं काय म्हणावें? साठ वर्षांच्या मित्राला धीर द्यावा, निदान गप्प बसावें. त्याऐवजीं घरापासून समुद्रापलीकडे, त्या अंधारांत, आम्हीं सामाईक भिंतीचा कायदा काढला! आम्हांस विचारल्यावांचून इसार घेतलासच कसा, असें म्हणालों. इतक्यांत एक मालगाडी आली. ती इतकी लांब होती कीं संपेपर्यंत दोघांस बोलतां आलें नाहीं, आणि संपल्यावर कोणी बोललें नाहीं.

उमरखेडास असतों तर माजघराचें दार लावून दोन दिवस बसलों असतों. सात मीटरांच्या घरांत रुसावयास जागा नसते. त्याच्या उशीपासून आमची उशी दोन हातांवर. तो जागा आहे हें आम्हांस कळे, आणि आम्ही जागे आहों हें त्याला. सकाळीं तांब्याभर पाण्यांत तोंडें धुतलीं, त्यांतहि 'आधीं तूं' म्हणण्याची चाल मोडली. ग्लेनडांबो येथें गांवची एक पाटी आहे, तिच्यावर मेंढ्या, माश्या आणि माणसें ह्यांची गणती दिली होती. माश्या वीस लाख, माणसें तीस. एरवीं ह्यावर मित्रानें दहा मैल विनोद केला असता. तेथून पुढें अडीचशें किलोमीटर ना पेट्रोल ना गांव. आणि गाडींतहि तोच प्रकार.

कूबर पेडी हें ओपल नांवाच्या रत्नाच्या खाणींचें गांव. १९१५ सालीं सोन्याच्या शोधांत आलेल्या टोळींतील चौदा वर्षांच्या मुलास तेथें ओपल सांपडला. उन्हाच्या भयानें लोक टेकड्या पोखरून जमिनीखालीं घरें करून राहतात. आंत हवा बारमास सारखी. पाणी मात्र विकत. नळावर नाणें टाकून आमची टाकी भरीत असतां पलीकडे वहिनी आमच्या कुटुंबाशीं बोलत होत्या. गेल्या श्रावणांत त्या न्हाणीघरांत पडल्या आणि मांडीचें हाड मोडलें, हें आम्हांस ठाऊकच होतें. मित्र नांदेडास गेलेला, दवाखान्यांत नेलें तेंहि आम्हीच. ठाऊक नव्हतें तें आतां ऐकलें.

"दीड तास पडून होतें," वहिनी म्हणत होत्या. "खिडकीकडे तोंड करून हांका मारल्या हो. पण तुमचें कपाट आहे ना तिकडून. ऐकूं गेल्या नसतील."

बोलण्यांत तक्रार नव्हती. आठ वर्षांपूर्वीं स्वयंपाकघरांत ओटा घातला तेव्हां जागा पुरेना म्हणून आम्हींच त्या खिडकीपुढें कपाट उभें केलें होतें. आणि त्या दिवशीं आम्ही घरीं होतों. पेपर वाचीत होतों.

टाकी भरून पाणी बाहेर वाहूं लागलें तेव्हां मुलानें "काका, नळ!" म्हणून हांक मारली. संध्याकाळीं चहा आम्हीं केला. मित्राच्या पेल्यांत न विचारतां अर्धाच चमचा साखर घातली. त्यानें घोट घेतला, आणि मग माश्यांच्या गणतीवरचा विनोद एका दिवसाच्या उशिरानें केला.

पुढें उलुरूचा तांबडा पर्वत पाहिला. अनांगु लोकांचें तें पवित्र स्थान. १९८५ सालीं जमीन त्यांस परत मिळाली, आणि २०१९ च्या ऑक्टोबरांत वर चढणें बंद झालें. आम्ही त्याच्या पायथ्याशीं चाललों, वहिनींची काठी जपत, हळूहळू. भिंतीचा विषय कोणीं काढला नाहीं.

घरीं आल्यावर आम्हीं कपाट हलविलें. खिडकीच्या फळ्या फुगल्या होत्या, सुताराकडून रंधून घेतल्या. मित्र व वहिनी आवराआवर करण्यास सप्टेंबरांत परतलीं, आणि दिवाळीपर्यंत त्या खिडकींतून विरजण जात होतें. वहिनींचें दहीं नेहमींप्रमाणें आमच्याहून घट्ट. खरेदीखत दिवाळीनंतर झालें, साक्षीदार म्हणून सही आमची आहे. नव्या मालकानें भिंतीस अद्याप हात लावलेला नाहीं.