राजाच्या ससाण्यांचा चौक

लंडन शहर पाहावयास गेलेला मनुष्य ट्राफल्गार चौकात गेला नाही, असे सहसा होत नाही. सुमारे एकशे सत्तर फूट उंचीच्या स्तंभावर आरमारी वीर नेल्सन उभा आहे; पायथ्याशी चार प्रचंड सिंह पहारा देत बसले आहेत; उत्तरेच्या अंगास राष्ट्रीय चित्रशाळेची लांबच लांब दगडी इमारत, आणि तिच्या कोपऱ्यापलीकडे सेंट मार्टिनच्या देवालयाचे उंच शिखर. आम्ही २०१९ सालच्या जून महिन्याच्या अखेरीस तेथे गेलो, तेव्हा आमच्यासमवेत वडील बंधू, वहिनी व पुतण्या अशी मंडळी होती. कारंजी उडत होती, निरनिराळ्या देशांचे लोक पायऱ्यांवर ऊन खात बसले होते. सर्व काही चित्रांत पाहिल्याप्रमाणे होते. परंतु वहिनींस एक उणीव लागलीच जाणवली. "भाऊजी, इथले पारवे कुठे गेले?" असे त्यांनी विचारले.

त्यांचे विचारणे वावगे नव्हते. १९९५ सालच्या 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे' या बोलपटाच्या आरंभी, परदेशात राहून मायदेशासाठी झुरणारा पंजाबी गृहस्थ याच चौकात पारव्यांस दाणे टाकताना दिसतो. आपल्याकडील लक्षावधी माणसांनी हा चौक प्रथम पाहिला तो त्या पारव्यांसह. आम्ही गेलो तेव्हा मात्र इकडे पाच, तिकडे सात, एवढेच पारवे टिपणे शोधीत हिंडत होते. त्यांचे थवे कोठे गेले, या प्रश्नाच्या उत्तरात ससाणा येतो. आणि ससाण्याची गोष्ट सांगावयाची तर या जागेच्या पूर्वेतिहासापासूनच आरंभ केला पाहिजे.

चौक, स्तंभ व चित्रशाळा ही सर्व एकोणिसाव्या शतकातील रचना होय. चित्रशाळा येथे १८३८ साली उघडली, स्तंभ १८४३ साली पुरा झाला. त्यापूर्वी या जागेस राजाचा 'म्यूज' असे म्हणत. हा शब्द मूळचा फ्रेंच असून त्याचा संबंध पिसे झडण्याशी आहे. शिकारी पक्षी वर्षातून एकदा जुनी पिसे टाकून नवी धारण करतो. त्या दिवसांत त्यास विश्रांती देऊन शांत, बंदिस्त जागी ठेवीत. ती जागा म्हणजे म्यूज. चौदाव्या शतकापासून इंग्लंडच्या राजांचे ससाणे येथे राहत असत. इंग्रजी काव्याचा आदिकवी चॉसर हा १३८९ साली राजाच्या बांधकामांवरील कारभारी नेमला गेला, तेव्हा त्याच्या देखरेखीखालील इमारतींत हे ससाण्यांचे घरही होते. पुढे १५३४ साली ते आगीत जळाले आणि त्या जागी राजाच्या घोड्यांच्या पागा उभ्या राहिल्या. ससाणे गेले तरी नाव राहिले, ते पागांस चिकटले. आज लंडनमध्ये ज्या बोळांच्या नावांत 'म्यूज' हा शब्द येतो, तेथील जुन्या तबेल्यांची टुमदार घरे होऊन त्यांत सधन लोक राहतात.

ससाणे गेले, घोडे गेले, आणि काळांतराने पारवे आले. पारव्याचा मूळपुरुष समुद्रकाठच्या कड्यांच्या कपारींत राहणारा. शहरातील उंच इमारती, त्यांच्या कोनाड्यांसह, त्यास कड्यांप्रमाणेच वाटतात. मादी एका वेळी दोनच अंडी घालते; पण खाणे मुबलक असले म्हणजे वर्षातून अनेकदा घालते. या चौकात तर दाणे विकण्याचा परवानाधारक धंदाच चाले. प्रवाशांनी दाणे विकत घ्यावेत, पारव्यांनी हातावर, खांद्यावर, डोक्यावर बसावे, आणि त्याचे छायाचित्र घरी न्यावे, हा रिवाज पिढ्यान्पिढ्या चालला. भर काळात येथील पारव्यांची संख्या पस्तीस हजारांपर्यंत गेली होती, असा अंदाज सांगतात. त्यांच्या विष्ठेने दगड झिजू लागला, पुतळे विद्रूप झाले, सफाईचा खर्च वाढला. वाळलेल्या विष्ठेच्या धुळीपासून फुफ्फुसांचे विकार जडतात, ही काळजी होतीच.

तेव्हा नगरपालांनी उपाय योजिले. २००१ साली दाणे विकण्याचा धंदा बंद झाला. २००३ साली चौकात पारव्यांस खाऊ घालण्यास मनाई झाली. २००७ साली ती मनाई चित्रशाळेसमोरील उंच फरसबंदीसही लागू झाली. पक्षिप्रेमी मंडळींनी मोठी मोहीम उघडली. एकाएकी अन्न तोडल्यास हजारो जीव उपाशी मरतील, ते हळूहळू कमी करावे, असे त्यांचे म्हणणे होते, आणि ते अगदीच निराधार नव्हते. या मनाईच्या जोडीला चौकात माणसाच्या मुठीवर बसून ससाणा आला. ज्या भूमीवर राजाचे ससाणे पिसे टाकीत होते, तेथे सुमारे पावणेपाचशे वर्षांनी ससाणा पुन्हा कामावर रुजू झाला. यापूर्वी त्याचे काम राजाचे मन रमविण्याचे होते. आता ते झाडूवाल्यास साह्य करण्याचे झाले!

या कामी जो पक्षी वापरतात त्यास हॅरिस ससाणा म्हणतात. तो इंग्लंडचा नव्हे. अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातील निवडुंगांच्या रानांपासून दक्षिण अमेरिकेपर्यंत त्याचे घर. रंगाने गडद तपकिरी, खांदे व मांड्या तांबूस, शेपटीच्या टोकास पांढरी किनार. शिकारी पक्षी बहुधा एकलकोंडे असतात. हा मात्र कुटुंबवत्सल आहे. चारसहा पक्षी एकत्र राहतात, मिळून शिकार करतात. एकाने झुडपात शिरून ससा उठवावा, दुसऱ्याने वाट अडवावी, आणि मिळालेले सर्वांनी खावे. पिलांच्या संगोपनासही आईबापांखेरीज घरातील इतर मंडळी हातभार लावतात. एकत्र कुटुंबात वाढलेल्या आमच्या वाचकांस या पक्ष्याविषयी आपुलकी वाटल्यास नवल नाही. या समूहवृत्तीमुळेच तो माणसाची संगत लवकर पत्करतो.

असा एक पक्षी प्रत्यक्ष कामावर असलेला पाहण्याचा योग आम्हांस पुढील आठवड्यात विंबल्डन येथे आला. टेनिसच्या सामन्यांची तिकिटे मिळविण्यासाठी लोक मैदानासमोरील उद्यानात रात्रभर तंबू ठोकून रांग धरतात. पुतण्याच्या हौसेखातर आम्हीही पहाटेच त्या रांगेत सामील झालो. येथील ससाण्याचे नाव रूफस. दारे उघडण्यापूर्वी, पहाटे पाचच्या सुमारापासून त्यास मैदानांवर फिरवितात. कारण पारवे हिरवळीचे बी टिपून खातात आणि मुख्य मैदानाच्या छपराखाली बिऱ्हाड थाटतात. अंधूक उजेडात छपराच्या कडेवर एक काळसर पक्षी क्षणभर बसलेला दिसला, पंख न हलविता खाली घसरला, आणि पलीकडच्या झाडांतून पारव्यांचा एक थवा फडफडत दूर निघून गेला. एवढेच. झडप नाही, रक्त नाही. कधी एखादा पारवा मारलाही जातो. परंतु या कामाचे मर्म वधात नसून धाकात आहे. चिनीमातीचे घुबड किंवा यंत्रातून काढलेला आवाज पारवे चार दिवसांत ओळखतात. जिवंत ससाण्याचा मात्र नेम नसतो.

रूफस इतका लोकप्रिय आहे की, २०१२ साली सामने चालू असतानाच त्यास मोटारीतून कोणी चोरून नेले, तेव्हा देशभर हळहळ झाली. तीन दिवसांनी तो सुखरूप सापडला. पाय थोडा दुखावला होता. तथापि ससाण्याच्या सामर्थ्यास मर्यादा आहे, हेही सांगितले पाहिजे. २००८ साली याच मैदानाच्या काही भागांत ससाण्याचा धाक पुरेना, म्हणून बंदूकवाले बोलावून पारवे मारण्यात आले, आणि त्यावर प्राणिमित्रांनी कडक टीका केली.

ससाण्यास शिकविणे म्हणजे त्यास मारहाण करून वठणीवर आणणे नव्हे. तसे केल्यास तो पक्षी कायमचा दुरावतो. प्रथम चामडी हातमोजावर बसण्याची सवय. मग मांसाच्या तुकड्यासाठी हातभर उडी. मग लांब दोरी बांधून दहा पावले, पन्नास पावले. आणि एके दिवशी दोरी सोडावयाची. त्या क्षणापासून तो सर्वस्वी मोकळा असतो. तो परत येतो तो भूक व विश्वास या दोन धाग्यांनी. म्हणून त्याचे वजन रोज तराजूत पाहतात. थोडा जड झाला तर तो झाडावरच बसून राहील; हलका झाला तर अशक्त होईल. या विद्येत आपल्या देशाचाही वाटा आहे. पायांतील घुंगरांत लाहोरची घुंगरे नावाजलेली, आणि डोळ्यांवर चढविण्याच्या टोपीचा एक हलका प्रकार पाश्चात्त्य शिकारी 'इंडियन' याच नावाने ओळखतात. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' ग्रंथात राजाच्या करमणुकींत श्येनविनोदाचे प्रकरण आहे. कुमाऊंचा राजा रुद्रदेव याने तर 'श्यैनिकशास्त्र' हा स्वतंत्र संस्कृत ग्रंथच लिहिला. १९७२ सालच्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर मात्र आपल्याकडे हा छंद शास्त्रग्रंथांतच राहिला, आणि वन्य पक्ष्यांच्या दृष्टीने ते योग्यच झाले.

परतताना वहिनी म्हणाल्या, "ससाण्याचं कौतुक झालं, पण मुक्या जिवांच्या तोंडचा घास काढायचा, ही कसली रीत?" प्रश्न साधा नव्हता. ज्या घरात काकबळी घातल्याखेरीज पान मांडीत नाहीत, तेथील गृहिणीने तो विचारावा हे स्वाभाविकच. दादांनी त्यांस शिबी राजाची आठवण दिली. शरण आलेल्या कपोतासाठी राजाने आपले मांस तोडून तराजूत घातले, हे आपण मुलांस सांगतो. परंतु महाभारतातील श्येनही आपली बाजू मांडतो, हे सांगावयाचे विसरतो. माझा आहार हिरावून घेतलास तर मी व माझी बायकापोरे मरतील, मग हा धर्म कसला, असे तो विचारतो. राजाने दयेची किंमत दुसऱ्याकडून वसूल केली नाही. ती स्वतःच्या देहाने भरली.

हा विचार आम्हांस २०२५ सालच्या जुलै-ऑगस्टमध्ये पुन्हा आठवला. मुंबईतील कबुतरखान्यांचा वाद तेव्हा उच्च न्यायालयात गाजत होता आणि दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला गेला होता. एकीकडे पिढ्यान्पिढ्यांची भूतदया, दुसरीकडे शेजारच्या चाळींतील धापा टाकणारे वृद्ध. मुंबईत ससाणा आणून हा प्रश्न सुटावयाचा नाही. आणि खरे पाहता लंडनचाही एकट्या ससाण्याने सुटला नाही. तो फिरावयाचा थांबला की पारवे परत येतात. थवे ओसरले ते मुख्यत्वे दाणे थांबले म्हणून. ससाण्याने त्यास जोड दिली इतकेच. एका मुठीतून दाणे पडावेत आणि दुसऱ्या मुठीवर ससाणा बसवावा, हा व्यवहार कपोत व श्येन या दोघांच्याही माथी अन्याय मारणारा आहे.

पुण्य आपल्या पदरी आणि त्याची धूळ शेजाऱ्याच्या छातीत, अशी दया शिबीच्या तराजूत उतरणार नाही. दाणे टाकण्यापूर्वी, त्यांची किंमत कोण भरणार, एवढे ज्याने त्याने आपल्या मनास विचारावे. त्याचे उत्तर 'मी' असे आले, तर मूठ खुशाल उघडावी.