प्रवेश मिळाल्यानंतर

दुर्गाबाई भागवतांचे लेखन शिकवताना त्यांच्या धाकट्या बहिणीचा विषय आमच्या तोंडी हमखास येतो. विद्यार्थी विचारीत नाहीत, आम्हीच सांगतो. कमला भागवत (पुढे सोहोनी) १९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन बंगळूरच्या विज्ञान संस्थेत गेल्या. वडील आणि काका तिथलेच विद्यार्थी. तरीही संचालक सर सी. व्ही. रामन यांनी त्यांना केवळ स्त्री म्हणून प्रवेश नाकारला. कमलाबाईंनी हट्ट सोडला नाही. प्रवेश मिळाला तो अटींवर : पहिले वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून नव्हे, मार्गदर्शक सांगतील तर रात्रीही काम, आणि पुरुष संशोधकांचे चित्त विचलित होता कामा नये.

हा प्रसंग सर्वत्र चवीने सांगितला जातो. आम्हांला मात्र त्यापुढचा, काहीसा नीरस वाटणारा भाग अधिक मोलाचा वाटतो. बंगळूरला श्रीनिवासय्या हे कडक, पण मनापासून शिकवणारे मार्गदर्शक त्यांना लाभले. दूध आणि डाळींतील प्रथिनांवर काम सुरू झाले. पुढे केंब्रिजला प्रयोगशाळेत जागा नव्हती, तेव्हा डेरेक रिक्टर या संशोधकाने आपले टेबल दिवसा त्यांना वापरू दिले. वनस्पतींच्या पेशींतील सायटोक्रोम-सी या द्रव्यावरील कामासाठी १९३९ साली त्यांना पीएच.डी. मिळाली. सत्याग्रहाने दार उघडले हे खरेच. पण आत गेल्यावर कुणीतरी विषय दिला, कुणीतरी टेबल दिले. (रामन यांचेही मत पालटले आणि संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला, हेही नमूद केले पाहिजे.)

आज प्रवेशाचा प्रश्न उरलेला नाही. आमच्या महाविद्यालयात विज्ञान शाखेच्या वर्गात मुलीच अधिक दिसतात. गळती नंतर लागते. तासिका तत्त्वावर शिकवणारी आमची एक तरुण सहकारी रसायनशास्त्रात पीएच.डी. करते आहे. मूल झाल्यावर तिचे काम मागे पडले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या नियमांनी स्त्रियांना दोन वर्षांची जादा मुदत आणि २४० दिवसांपर्यंत रजा दिली. २०२२ च्या नियमांतही ती तरतूद कायम आहे. नियम तिला पाठ आहेत. अडचण अशी की, रजेनंतर तिचे प्रयोगाचे टेबल दुसऱ्याला गेले, आणि मार्गदर्शक सौम्यपणे म्हणाले, “आता घराकडे बघा, घाई काय आहे?” या सौम्यपणाविरुद्ध तक्रार कुठल्या अर्जात लिहायची?

रामन यांच्या अटी निदान उघड होत्या. त्यांच्याशी भांडता येत होते.

रसायनशास्त्राच्या एका ज्येष्ठ प्राध्यापिकेने आता आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेची किल्ली तिला शनिवारी दुपारपुरती मिळवून दिली आहे. तेवढ्या वेळात मूल कुणी सांभाळायचे याची पाळी स्टाफरूममध्ये लागते. या शनिवारी ती आमच्या मराठी विभागाची आहे.