पानगीच्या बाजूने

केळवे, जि. पालघर

सौ. वहिनींस,

तंबूतल्या मुक्कामी सकाळी काय रांधावं, याचा हिशेब सगळे मिनिटांत करतात. मला तो चुकीचा वाटतो. मुक्कामावर वेळ मुबलक असतो. तोटा असतो पाण्याचा, आणि कंटाळा असतो खरकट्या भांड्यांचा. अशेरीगडासारख्या ठिकाणी पाणी कातळातल्या टाक्यांतून शेंदायचं, तेही प्यायला आधी. जाड पोहे भिजवून निथळायचे तर तिथेच तांब्याभर पाणी जातं. पाकिटातल्या नूडल्सनी चिकट पातेलं मागे राहतं आणि दहा वाजता पुन्हा भूक. या कसोटीवर इथे पानगीला तोड नाही. केळवे-माहीमच्या वाड्यांत केळीचं पान सहज मिळतं, वाड्याचा कोलम तांदूळ याच जिल्ह्यातला. त्याच्या पिठात मीठ-जिरं घरीच मिसळून ते कोरडं न्यायचं. सकाळी वाटीभर पिठात दही, मिरची, कांदा आणि सैलसर होईल इतकंच पाणी. पान आचेवर फिरवून मऊ करायचं, तेलाचा हात लावून त्यावर पीठ पसरायचं, दुसऱ्या पानाने झाकून तव्यावर टाकायचं. खालचं पान तपकिरी झालं की उलटायचं. पीठ पानाच्या आत आपल्याच वाफेवर शिजतं, तव्याला लागत नाही, म्हणून घासायला काही उरत नाही. ताटलीही तेच पान. वर तूप मात्र सढळ हाताने, नाहीतर पोट भरल्यासारखं वाटत नाही. पानं वागवण्याचं लचांड म्हणाल, तर ओल्या फडक्यात गुंडाळली की दुसऱ्या सकाळपर्यंत टिकतात.

बोईसर

सौ. वहिनींस,

निरोप पोचला. दडपे पोह्यांना चूलही लागत नाही, हा तुमचा आक्षेप सगळ्यांत जड आहे. पण त्यांचा जीव ओल्या खोबऱ्यात; खोवून नेलं तर उकाड्यात आंबतं, आणि नारळाबरोबर विळी कोण वागवणार? शिवाय थंडीतल्या पहाटे गार घास नको वाटतो. हा युक्तिवाद नव्हे, आवड आहे; पण न्याहारीत आवडीलाही मत असतंच. राहिला विस्तवाचा प्रश्न. २०१३ पासून लोकल डहाणूपर्यंत येते, त्यामुळे इथे उतरणारे पुष्कळ. पण गाडीत गॅसची टाकी नेणं हा १९८९ च्या रेल्वे कायद्याने गुन्हा. किनाऱ्यावरच्या सुरूच्या बनात किंवा गडावरच्या वाळल्या गवतात जाळ करणं म्हणजे वणव्याला आमंत्रण. तेव्हा पायथ्याच्या घरी विचारून, पैसे देऊन चूल वापरावी, हेच बरं. आणि चुलीवर तव्याचं काम सोपं; मंद आचेवर ढवळत बसायची ताकातली उकड तिथे बुडाला लागते. म्हणून एरवी मला आवडणारी उकडही मी इथे बाद करतो.

गडावरच मुक्काम असेल आणि चुलीची खात्रीच नसेल, तर मात्र पानगीचा हट्ट मी सोडतो. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीमुळे बोईसरला बिहार-उत्तर प्रदेशाकडचे कामगार बरेच; त्यांच्याकडचं सत्तू, म्हणजे भाजलेल्या हरभऱ्याचं पीठ, कांदा, लिंबू आणि मीठ घालून पाण्यात कालवलं की झालं. विस्तव नको, आणि हरभऱ्यामुळे पोटाला आधार तांदळापेक्षा जास्त. उणं एवढंच, की पानगीबरोबर सातपाटीचा सुका बोंबील निखाऱ्यावर भाजून घेता येतो. सत्तूशी त्याचं जुळत नाही.