वेबसाइटचा बॅकअप नेमका कुणाकडे आहे?

चिपळूणच्या दुकानदाराला बॅकअप म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, तेव्हापासून माझ्या ओळखीतले एक काका उधारीची वही माळ्यावर ठेवतात आणि तिचे फोटो मुलाच्या मोबाईलवर. पण त्यांनाच वेबसाइटबद्दल विचारा. "ते काय, क्लाउडवर असतं सगळं!"

क्लाउड म्हणजे आभाळात नाही हो काका. दुसऱ्याच्या इमारतीतला कॉम्प्युटर आहे तो. आणि इमारती जळतात. त्याच वर्षी १० मार्चला फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला ओव्हीएच कंपनीचं एक अख्खं डेटा सेंटर जळून गेलं. ज्यांचा बॅकअपही त्याच इमारतीत होता, त्यांचे दोन्ही गेले. वही आणि तिची झेरॉक्स एकाच कपाटात ठेवल्यासारखं.

आमच्याकडे मात्र आगबिग काही लागली नाही. माझी मावसबहीण, आम्ही ताई म्हणतो, आमसुलं, कोकम आगळ, आंबापोळी विकते. वेबसाइट एका ओळखीच्या मुलाने करून दिली होती. चांगली केली होती, खोटं कशाला बोलू. पण डोमेन त्याच्या नावावर, होस्टिंग त्याच्या नावावर, ईमेल त्याचा. तो परदेशी गेला, नंबर बंद. मुदत संपल्याची पत्रं त्याच्या मेलवर जात राहिली आणि ऐन मार्चमध्ये साइट बंद पडली. होस्टिंगवाले म्हणाले, खातं ज्याचं त्याच्याशीच बोलू. त्यांचंही बरोबर आहे म्हणा, नाहीतर उद्या कोणीही फोन करून कोणाचीही साइट मागेल. पण सहा वर्षांच्या ऑर्डरी, मुंबई-पुण्याच्या गिऱ्हाइकांचे पत्ते, सगळं आत अडकलं. ताई आता कुरिअरच्या पावत्या काढून पत्ते परत लिहितेय. पावत्या सापडल्या त्या दोनच वर्षांच्या. मे महिना तोंडावर आलाय.

आपल्याकडे बऱ्याच छोट्या साइट वर्डप्रेसवर असतात, म्हणून त्यापुरतं सांगतो. साइटचे दोन भाग असतात. एक फायली, म्हणजे फोटो, डिझाइन वगैरे. दुसरा डेटाबेस, ज्यात मजकूर, ऑर्डरी, गिऱ्हाइकं. दोन्ही लागतात. वर्डप्रेसमधलं 'एक्स्पोर्ट' बटण दाबून बॅकअप झाला असं समजू नका, त्या फाइलमध्ये फोटो येत नाहीत, फक्त त्यांचे पत्ते येतात. अपड्राफ्टप्लससारखं प्लगइन फुकटात दोन्ही भाग तुमच्या गूगल ड्राइव्हवर टाकतं. तुमच्या ड्राइव्हवर, साइट करणाऱ्याच्या नाही. शिवाय महिन्यातून एकदा पेनड्राइव्हवर उतरवा आणि तो दुकानात नको, घरी ठेवा. रोज ऑर्डरी येत असतील तर डेटाबेस रोज, बाकीचं आठवड्याने चालेल. फाइलमध्ये गिऱ्हाइकांचे फोन-पत्ते असतात, तेव्हा ती व्हॉट्सॲपवर फिरवू नका.

आणि एकदा तरी ती साइट दुसरीकडे उघडून बघा. हे कोणीच करत नाही. गिटलॅब ही सॉफ्टवेअरवाल्यांसाठीच काम करणारी कंपनी. जानेवारी २०१७ मध्ये त्यांच्या माणसाकडून चालू डेटाबेस पुसला गेला. बॅकअपच्या पाच तऱ्हा होत्या, एकही धड चालेना. सुदैवाने एकाने सहा तास आधी सहज एक प्रत काढली होती, तिच्यावर निभावलं. तिथे ही गत, तर आपली काय!

सध्या जो उठतो तो महिला बचत गटांना, बागायतदारांना 'ऑनलाइन या' सांगतो. या, जरूर या. पण साइट करून देणाऱ्याला शेवटचा हप्ता देण्याआधी डोमेन आणि होस्टिंग आपल्या नावावर, आपल्या ईमेलवर आहे का ते बघा, आणि पहिला बॅकअप हातात घ्या. प्रशिक्षण शिबिरांत लोगो कसा करायचा यावर तासभर जातो, तिथे यालाही अर्धा तास द्यावा, असं मी व्यापारी मंडळींना सुचवलंय. अजून उत्तर नाही.

ताईची नवी साइट पुढच्या आठवड्यात सुरू होईल. तिच्याकडून आधी माल मागवला असेल, तर आपला पत्ता तिला परत कळवा.