जानेवारीतली वसुबारस

परतीचा पाऊस वाईला एकदा तरी गडगडून जातो. यंदा तो असा गडगडला, की रात्री तीन तास दिवे नव्हते. आणि सकाळी आमच्या माजघरातल्या संगणकावर एकही पान उघडेना. मी दिवाळी अंकाची गोष्ट पाठवायला बसलो होतो. संपादकांचा तिसरा निरोप येऊन गेला होता. पडद्यावर मात्र एकच मजकूर: तुमचे कनेक्शन खाजगी नाही. दोन खोल्यांत पाच माणसे नांदतात त्या घरात खाजगी काय असणार! पण ते यंत्राने सांगावे?

मॅट्रिकच्या पुढे माझी विद्या गेलेली नाही. सुचले ते केले. राउटर बंद करून पुन्हा लावला, वायर हलवली, ब्राउझर दहादा मिटून उघडला. आमच्या मंडळींनी स्वयंपाकघरातून आपला मोबाइल दाखवला. त्याच वायफायवर त्यात चकलीची कृती सुरळीत चालली होती. म्हणजे लाइन ठीक, दुखणे संगणकातच. झाले! चिरंजीवांना हाक गेली. नववीतला मुलगा, त्यात खेळांचा नाद.

"मी हात लावला नाही, बाबा," असे तो दोनदा म्हणाला. तिसऱ्यांदा मी म्हणू दिले नाही. वर्गात चाळीस मुलांसाठी काढतो तो आवाज मी एकट्यासाठी काढला. पोरगा न जेवता गच्चीवर गेला.

दुपारी आई पंचांग घेऊन आली. आजची तारीख संगणकाच्या कोपऱ्यात पाहायची आणि मग वसुबारस किती दिवसांवर आली ते मोजायचे, ही तिची रीत.

"अरे, इथे जानेवारी लागलाय," ती म्हणाली.

पाहतो तो १ जानेवारी २०१५! आई त्या आकड्यांकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिली. आमचे वडील २०१९ साली गेले.

उलगडा चिरंजीवांनीच केला, तोही भिंतीकडे पाहून. प्रत्येक संकेतस्थळ आपली ओळख पटवायला एक प्रमाणपत्र पुढे करते. त्यावर कधीपासून कधीपर्यंत, अशी मुदत असते; हल्ली पुष्कळांची तर ९० दिवसांचीच. ब्राउझर ती मुदत संगणकाच्या घड्याळाशी ताडून पाहतो. घड्याळ २०१५ सालात बसलेले, त्यामुळे यंदाची सगळी प्रमाणपत्रे त्याच्या लेखी अजून जन्मालाच यायची होती. तेव्हा दार बंद! संगणक बंद असला तरी बटण चालू आहे तोवर हे घड्याळ घरच्या विजेवर चालते. वीज गेली की आतल्या एका चकतीएवढ्या सेलवर. तो सेल संपलेला, म्हणून रात्री घड्याळ कारखान्यात भरलेल्या तारखेवर जाऊन बसले.

घड्याळजीकडे सेल मिळाला. सीआर २०३२, वीस मिलिमीटर रुंद, ३.२ मिलिमीटर जाड, तीन व्होल्टचा. नावातच मापे आहेत, हे मला आवडले. एवढ्याशा तुकड्यापायी मी काय काय बोलून बसलो होतो!

मुलाने प्लग काढला, झाकण उघडले, जुना सेल नखाने उचलून नवा बसवला. मी विजेरी धरून उभा. दोघेही गप्प. "माझे चुकले," हे शब्द तोंडाशी आले होते. मास्तरांना ते म्हणायची सवय नसते.

"पाणी देऊ का रे?" एवढेच विचारले.

"नको."

यंत्र सुरू झाले. तारीख घालायची वेळ आली तेव्हा मी पटकन मनगट पुढे केले. त्याने माझ्या घड्याळाकडे पाहिले, आणि दिवसभरात पहिल्यांदा माझ्याकडे.

"तुमचे नको, बाबा," तो म्हणाला. "आजीला विचारतो."