आईने ऐकलेला आवाज

बाबांनी भिलाई पोलाद कारखान्याच्या रेल मिलमध्ये तीस वर्षे काढली. रुळाला जरासा बाक आला तरी त्यांच्या नजरेतून सुटत नसे. त्यांची स्वतःची मारुती व्हॅन मात्र डावीकडे ओढत होती.

ही व्हॅन १९८४ मध्ये बाजारात आली, तेव्हा आराखडा सुझुकीचा होता आणि बरेच सुटे भाग जपानहून येत. आमची तर २०१२ मध्ये घेतलेली. तरी बाबा तिला कौतुकाने ‘आमची जपानी’ म्हणतात.

गेल्या वर्षी मी माहेरी गेले होते. आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी नागपूरला जायचे होते. राजनांदगाव, देवरी, साकोली, भंडारा असा अडीचशेहून अधिक किलोमीटरचा रस्ता. आदल्या दिवशी सामान ठेवताना पुढच्या डाव्या टायरकडे लक्ष गेले. बाहेरून टायर ठणठणीत. आतली कड मात्र झिजून तारा दिसू लागल्या होत्या.

‘‘दोन महिन्यांत दोनदा अलाइनमेंट केलीय!’’ बाबा चिडले.

सुपेल्यातल्या मिस्त्रीने जॅक लावून चाक उचलले. एक हात वर, एक खाली धरून ते हलवले. चाक डुगडुगले.

‘‘बॉल जॉइंट गया है, बाबूजी.’’

त्याने समजावून सांगितले. अलाइनमेंटचे यंत्र उभ्या गाडीच्या चाकांचे कोन मोजते. सांधाच ढिला असेल, तर गाडी धावू लागताच ते कोन बदलतात आणि टायर एका कडेने घासत राहतो. म्हणून आधी सांधा, मग अलाइनमेंट. आणि धावत्या गाडीचा हा सांधा निखळला, तर चाक आडवे होते, गाडी हाती राहत नाही.

‘‘खड्ड्यातून जाताना खट् असा आवाज येतो, तो याचाच का?’’ आईने हळूच विचारले.

‘‘हां, माताजी.’’

मला आठवले, आई चार महिने फोनवर हेच सांगत होती. मागून बाबांचे ठरलेले वाक्य ऐकू यायचे, ‘‘तुला गाडीतलं काय कळतं?’’

निघणे एक दिवस लांबले. दोन्ही बाजूंचे बॉल जॉइंट आणि तो टायर बदलला, शेवटी अलाइनमेंट झाली. तेव्हापासून मी ओळखीच्या प्रत्येकाला सांगते, अलाइनमेंट करण्याआधी चाक उचलून, हलवून बघायला सांगा.

राजनांदगाव मागे पडल्यावर बाबांनी गाणी बंद केली.

‘‘काही आवाज आला तर सांग हं,’’ ते आईला म्हणाले.

‘‘सांगितलं होतं,’’ आई खिडकीबाहेर बघत म्हणाली.